आधी डीपी बघ, मग बल्ब

भाच्या, गाडी घेतलीस ते घेतलीस. वीस वर्षांची, दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बसकी आणि वर ऑटोमॅटिक. तुझ्या आईचा मला फोन आला होता, "दादा, जिच्यात मागं माणूस बसत नाही ती गाडी कशाला असते रे?" मला उत्तर सुचलं नाही. पण तू ती लातूरहून नागपूरला नेणार म्हणजे नांदेड, अर्धापूर करत आमच्या वारंगा फाट्यावरूनच जाणार. आणि जुनी ऑटोमॅटिक बंद पडते ती कधी घरासमोर पडत नाही, असल्या फाट्यावरच पडते. म्हणून मला जे सांगायला कुणी नव्हतं, ते तुला सांगून ठेवतो.

गाडी नीट पळत होती आणि एकदम गिअर सोडले, असं झालं की चार माणसं जमतात. त्यातला एक तरी म्हणतो, "गिअरबॉक्स गेला." त्याचं ऐकू नकोस. अचानक गेलेला गिअरबॉक्स बहुतेक वेळा गेलेला नसतो. आतल्या क्लचप्लेटा झिजतात त्या सांगून सवरून झिजतात. सकाळी डी टाकला की गाडी क्षणभर विचार करते. चढावर इंजिन ओरडतं, पण काटा वर जात नाही. दुसऱ्याचा तिसरा पडताना मागून कुणी लाथ घातल्यासारखं होतं. असं महिनोन् महिने चालतं, मालक रेडिओचा आवाज वाढवतो आणि मग एक दिवस गाडी थांबते. ते अचानक नव्हे. पण यातलं काहीच झालं नसेल आणि जेवायला थांबून परत बसल्यावर गाडी हलत नसेल, तर दुखणं बहुधा बाहेर आहे. केबल, वीज, वायर, तेल, शाफ्ट, या क्रमानं बघ. खोलणं सगळ्यात शेवटी. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो.

मी शिकलो नांदेडला, एका उस्तादाच्या हाताखाली. ट्रक, जीप, अँबॅसिडर, पद्मिनी. क्लच दाबायचा, दांडा ओढायचा, दात दातात बसले की झालं. ऑटोमॅटिक काही काल आलेली चीज नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबीलच्या १९४० च्या मॉडेलला हायड्रामॅटिक बसवला होता. आमच्या फाट्यापर्यंत ती पोचायला साठेक वर्षं लागली आणि पोचली तेव्हा आम्हाला तिचं अ की ठ कळत नव्हतं. त्या अडाणीपणात माझ्या हातून एक पाप घडलं. ते आधी सांगतो, कारण त्यातच निम्मा धडा आहे.

पावसाळ्याची रात्र. उमरखेडकडून एक चंदेरी गाडी आली, मागच्या चाकांना ताकद असणारी. कंपनीचं नाव घेत नाही, दोष तिचा नव्हताच. फाट्यावर वळणाऱ्या ट्रकांची रांग लागली होती, म्हणून त्या गृहस्थानं दांडा न्यूट्रलला घेतला. रांग हलली, त्यानं डी टाकला, गाडी जागची हलेना. आर टाकला, तरी हलेना. इंजिन गुण्यागोविंदानं चालू. मी दांडा हलवून बघितला, तर तो रिकाम्या वाटीत चमचा फिरावा तसा फिरत होता. कुठं अडत नव्हता, कुठं बसत नव्हता. त्याच क्षणी मला कळायला हवं होतं. पण मी म्हणालो, "गिअरबॉक्स गेला साहेब," आणि पिकअपला दोर बांधून, मागची चाकं रस्त्यावर ठेवून, गाडी चाळीसेक किलोमीटर ओढत नांदेडला नेली.

तिथं गाडी रॅम्पवर चढली. दांड्यापासून गिअरबॉक्सकडे जी केबल जाते, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा एक बुश असतो, करंगळीच्या नखाएवढा. वीस उन्हाळ्यांत तो भाजून भुगा झाला होता. दांडा हलत होता, केबल हलत होती, गिअरबॉक्सला पत्ताच नव्हता. तो बिचारा न्यूट्रलमध्ये बसून हुकमाची वाट बघत होता. नवा बुश पन्नास रुपयांचा. तो बसवला, इंजिन चालू केलं, डी टाकला आणि आतून जो आवाज आला तो मला अजून ऐकू येतो. ऑटोमॅटिकचा तेलाचा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद असताना गाडी ओढली की चाकं आतला शाफ्ट फिरवत राहतात आणि पंप मात्र थंड. चाळीस किलोमीटर मी त्या गिअरबॉक्सला कोरडा दळला होता. मालक मला काही बोलला नाही. "तुम्हाला तरी कुठं माहीत होतं," एवढंच म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तर ऑटोमॅटिक दोरानं ओढायची नाही. पूर्ण गाडी वर घेणारी, फ्लॅटबेड म्हणतात ती टोइंग व्हॅन मागव. ती मिळतच नसेल तर ज्या चाकांना ताकद आहे ती चाकं उचलून ने, नाहीतर मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडून मग ने. गाडीच्या पुस्तकात कधी कधी लिहिलेलं असतं, अमुक वेगानं अमुक अंतर चालेल. ते चांगल्या तेलाच्या, चांगल्या तब्येतीच्या गिअरबॉक्ससाठी. तुझ्या म्हाताऱ्या गाडीसाठी नव्हे. आणि धक्का मारून चालू करायचा विचार तर मनातही आणू नकोस. पंपच फिरत नाही तर आतले क्लच पकडणार कसे? चार पोरं दमतील, बाकी काही होणार नाही.

आता गाडी थांबली त्या क्षणाचं बोलू. पहिली पाच मिनिटं सोन्याची असतात आणि माणूस ती अ‍ॅक्सिलरेटर दाबण्यात घालवतो. गाडी हलत नाही म्हणून रेस वाढवायची नाही. क्लच अर्धवट पकडत असेल तर तेवढ्या पाच मिनिटांत तो जळतो. बरा होणारा रोगी अशानंच जातो. गाडी कडेला, दांडा पीला, हँडब्रेक वर, आणि डायल बघ. गिअरचं अक्षर कुठलं दिसतंय, ते लुकलुकतंय का, इंजिनचा दिवा लागला का, उष्णता किती? मोबाइलवर फोटो काढून घे. मग स्वतःला विचार: आधी पाऊस झाला होता का? पाण्यातून गाडी गेली का? काल बॅटरी उतरली होती, दुसऱ्या गाडीवरून चालू केली होती का? परवा कुणी सीटखाली, गालिच्याखाली हात घातला होता का? गाडी थंड असताना झालं की तासभर पळवल्यावर? मिस्त्रीला यातलं एकेक उत्तर हजार रुपयांचं असतं.

नंतर इंजिन बंद करून चावी काढ. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा चालू कर. सगळे गिअर परत आले, तर समजायचं की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं आणि त्यानं स्वतःहून हात आखडता घेतला. इंग्रजीत त्याला लिंप मोड म्हणतात, आपण लंगडी म्हणू. लंगडीत गाडी एकाच पुढच्या गिअरमध्ये अडकते, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या, आणि रिव्हर्स पडतो. गाडी जड उठते, वेग घेत नाही, पण चालते. लंगडी म्हणजे बिघाड नव्हे, बिघाड वाढू नये म्हणून केलेली सोय आहे. अशा गाडीला हळू हळू सावलीत, हॉटेलच्या दारात नेता येतं. तिथून पुढं मात्र नाही.

गाडी अजिबात हलत नसेल तर असा विचार कर. पुढं जायला एक क्लच लागतो, मागं जायला दुसरा. दोन्ही एकाच सेकंदाला जळतील का? तुमच्या आळीत दोन घरांचे दिवे एकदम गेले तर आपण घराघरांतले बल्ब काढून बघत नाही, डीपीकडे बघतो. तसंच इथं. डी आणि आर दोन्ही एकदम गेले, तर दोघांत जे सामाईक आहे ते बघ: केबल, तेल, पंप, इंजिनाला गिअरबॉक्सशी जोडणारी पातळ चकती, चाकाकडे जाणारा शाफ्ट. फक्त डी गेला आणि आर खणखणीत असेल, तर मात्र पुढच्या क्लचवर संशय घे, तो बल्बचा मामला आहे. आणि आर आधी गेला, डी अजून धकतोय, तर तेलाचा दाब कमी पडत असावा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला दाब जास्त लागतो.

केबल बघायला गाडीखाली झोपावंसुद्धा लागत नाही. दांडा आरला टाकून मागं जाऊन बघ, पांढरा दिवा लागला का? नाही लागला तर दांडा एक सांगतोय आणि गिअरबॉक्स दुसरंच ऐकतोय. दांडा पीला घालून, पायाचा ब्रेक सोडून, बारक्या उतारावर गाडीला ढकलून बघ. चार बोटं सरकून टक्कन अडली तर पी खरंच लागलाय. घरंगळायला लागली तर लागलेला नाही, लगेच हँडब्रेक ओढ. डीवर दांडा असताना सेल्फ मारून इंजिन चालू झालं, तरी तेच: चांगल्या गाडीत असं होत नाही. नंतर एकाला आत बसवून दांडा हलवायला सांग आणि खाली वाकून गिअरबॉक्सवरचा हात हलतो का बघ. एवढं मी त्या रात्री केलं असतं तर.

दांडा पीमधून निघतच नसेल, तर ती वेगळी गोष्ट आहे आणि बहुतेक वेळा हसण्यावारी नेण्यासारखी. ब्रेक दाबल्याशिवाय दांडा सुटू नये म्हणून आत एक विजेचं कुलूप असतं. ब्रेकच्या दिव्याचा स्विच गेला किंवा फ्यूज उडाला की कुलूप सुटत नाही. मागं एकाला उभं करून ब्रेक दाब. दिवा लागत नसेल तर रोग सापडला. दांड्याशेजारी बऱ्याच गाड्यांत एक छोटं झाकण असतं, त्यात चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबला की कुलूप हातानं सुटतं. हे झाकण कुठं आहे ते घरी, उजेडात, आजच बघून ठेव.

मग बॅटरी. म्हाताऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सला कमी व्होल्टेज सोसत नाही. मीटर लाव. इंजिन बंद असताना साडेबाराच्या पुढं हवं. चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. अल्टरनेटर मरायला टेकला की इंजिन चालत राहतं, हॉर्न वाजतो, आणि आधी रुसतो तो गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. इंजिन-गिअरबॉक्सकडून चेचिसला जाणारी अर्थिंगची पट्टी हिरवी पडली असेल तर तीही घासून घट्ट कर. चार रुपयांच्या अर्थिंगनं मी लोकांना चार-चार दिवस रडताना पाहिलंय.

आता तेल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ऑटोमॅटिकमध्ये तेल म्हणजे नुसतं वंगण नव्हे. तेच ताकद पोचवतं, तेच क्लच दाबतं, तेच सगळं थंड ठेवतं. पूर्वी त्यात चक्क स्पर्म व्हेलचं तेल मिसळायचे, क्लच अलगद पकडावेत म्हणून. अमेरिकेत सत्तरच्या दशकात व्हेलवर बंदी आली तेव्हा तेलवाल्यांची पळापळ झाली. लाल रंग मात्र मुद्दाम दिलेला असतो, गाडीखाली थेंब पडला तर इंजिन ऑइलपासून वेगळा ओळखू यावा म्हणून.

पातळी बघायची रीत गाडीगणिक बदलते, इथंच लोक चुकतात. बऱ्याच गाड्यांत गाडी सपाटीवर, इंजिन गरम आणि चालू, दांडा पीला ठेवून पट्टी काढतात. होंडाच्या बऱ्याच ऑटोमॅटिकला इंजिन बंद करून मिनिटभरात बघायचं असतं. आणि तुझ्या गाडीसारख्या कित्येक युरोपी गाड्यांना पट्टीच नसते. "आयुष्यभर तेल बदलायची गरज नाही" असं सांगून कंपन्यांनी तिथं झाकण लावलेलं असतं. कुणाचं आयुष्य, ते कोणी सांगत नाही. माझ्या मते साठ हजार किलोमीटरवर तेल आणि फिल्टर बदलावेत, मग पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. पट्टी नसेल तर खालचा बोल्ट उघडून ठराविक उष्णतेला तेल जेमतेम ओघळतं का ते बघतात. ते फाट्यावर करायचं काम नव्हे.

तेलाचा थेंब पांढऱ्या कागदावर घे. मी नेहमी वहीचं कोरं पान वापरतो, ऑइलच्या डब्यावरचं चकचकीत झाकण नव्हे. कागदावर तो पसरू दे आणि पाच मिनिटं दुसरं काम कर. लाल किंवा तांबूस आणि कडा स्वच्छ, तर पोट साफ आहे. तपकिरी झालंय पण वास बरा, तर तेल म्हातारं झालंय. मधोमध काळा ठिपका बसला आणि करपलेल्या दुधासारखा उग्र वास आला, तर आतली क्लचप्लेट जळालीय, तिथं माझं वरचं सगळं पुराण संपलं. आणि थेंब गुलाबी, दुधाळ, गुलाबी ताकासारखा दिसला तर चावीला हात लावू नकोस. रेडिएटरच्या आत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी असते. ती फुटली की कूलंट तेलात जातं आणि ते क्लचप्लेटचा डिंक सोडवतं. त्या अवस्थेत गाडी जितकी चालवशील तितकं बिल वाढेल. जुन्या गाडीचा रेडिएटर म्हणूनच मी आपला आधीच बदलायला लावतो. माणसं म्हणतात मामा खर्च काढतो. काढतो, पण लाखाचा नाही.

तेल कमी असेल तर कुठलंही लाल तेल ओतू नकोस. डेक्सरॉन वेगळं, टोयोटाचं टी-फोर वेगळं, सीव्हीटीचं वेगळं, ड्युअल क्लचचं वेगळं. डब्यावर जे नाव तुझ्या गाडीच्या पुस्तकात आहे तेच ओत. आणि लिटरभर डिकीत ठेव, फाट्यावर ट्रकचं सगळं मिळतं, हे मिळत नाही.

तेल आहे, केबल आहे, तरी गाडी ढिम्म. मग पंप. पट्टी असलेल्या गाडीत हा खेळ मला फार आवडतो. इंजिन बंद असताना पट्टी बघ, पातळी वर दिसेल. इंजिन चालू करून पुन्हा बघ. पंप तेल उचलून आत पाठवतो म्हणून पातळी उतरली पाहिजे. उतरलीच नाही तर पंप घोटच घेत नाहीये: फिल्टर चोंदलाय, पंप मोडलाय किंवा इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारा कन्व्हर्टर आणि पंप यांचा संबंध तुटलाय. इंजिनाला कन्व्हर्टर जोडणारी चकती तडकली असेल तर खालून पत्र्याचा डबा वाजल्यासारखा खडखडाट येतो. हे झालं तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. अपवाद म्हणालो ते हेच.

आणि शाफ्ट. डी टाकल्यावर स्पीडोमीटरचा काटा हलतोय, चाळीस दाखवतोय, आणि गाडी झाडासारखी उभी! असं दिसलं तर हसायला हरकत नाही. गिअरबॉक्स आपलं काम करतोय, चाकाकडे जाणारा शाफ्ट तुटलाय किंवा निसटलाय. पुढच्या चाकांच्या गाडीत चाकामागं वाकून बघ, रबरी बूट फाटून काळं ग्रीस उडालेलं असेल. मागच्या चाकांच्या गाडीत प्रोपेलर फिरतोय आणि चाकं फिरत नाहीत, तर दुखणं मागच्या क्राऊनमध्ये आहे. बघताना गाडीखाली जायचं नाही. लांबून, चाकांना ओंडके लावून, आत ब्रेकवर पाय असलेला माणूस बसवून.

स्कॅनर हल्ली पोरांच्या खिशात असतो. वापर, पण कोड पुसायच्या आधी लिहून घे. पी०७०० एवढंच दिसलं तर त्याचा अर्थ "गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे विचारा" इतकाच. पी०७०५ दांड्याच्या जागेचा स्विच, पी०७१५ आत येणाऱ्या वेगाचा सेन्सर, पी०७३० गिअरचं गणित जुळत नाही. पुष्कळ मिस्त्री पी०७३० बघून गिअरबॉक्स उतरवतात. अरे, गणित जुळत नाही असं तो म्हणतोय, आकडा चुकला की मोजणारा चुकला ते कुणी बघायचं? आधी सेन्सर, मग प्लेटा. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकत्र दाबून ताकद बघायची स्टॉल टेस्ट पुस्तकात सांगितलेली असते. तू करू नकोस.

आता तुझ्या गाडीसारख्याच एका गाडीचं सांगतो. लाल, दोन दारांची, छप्पर उघडणारी. हैदराबादकडे निघालेला डॉक्टर. कळमनुरीपर्यंत ठीक, आखाडा बाळापूरला गिअर बदलेनात, फाट्यावर येईपर्यंत लंगडी. एका मोठ्या वर्कशॉपनं फोटो बघून फोनवरच गिअरबॉक्स बदलायचा खर्च सांगितला होता, गाडीच्या किमतीएवढा. त्यांचं नाव कशाला घेऊ. मी कागदावर थेंब घेतला, तांबूस आणि स्वच्छ. केबल ठीक, बॅटरी ठीक. मग पुढच्या बाजूला गालिचा उचलला, कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि बोटाला ओलं लागलं. पाणी म्हणून मी चड्डीला पुसलं आणि बघतो तर लाल डाग. तेल! कॉम्प्युटर कुठं, गिअरबॉक्स कुठं, मध्ये हातभराहून जास्त अंतर, तेही चढाचं. गिअरबॉक्सच्या कुशीत वायरचा गोल प्लग असतो, त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या होत्या. तिथून तेल वायरीच्या आत शिरलं आणि दिव्याची वात जशी तेल ओढते तसं तारेतारेतून वर चढत कॉम्प्युटरच्या पिनांपर्यंत पोचलं. किती वर्षं चढत होतं देव जाणे. त्या दिवशी पोचलं. वरून बघणाऱ्याला ते अचानकच दिसणार.

पिना स्प्रेनं धुतल्या, वारा मारून सुकवल्या, वायरीचं टोक उलटं लटकवून रात्रभर ठेवलं. सकाळपर्यंत खाली ठेवलेल्या वाटीत चमचाभर तेल जमलं होतं. नवा प्लग नांदेडहून मागवला, नेमकं तेल भरून घेतलं. डॉक्टर दोन दिवस फाट्यावर खिचडी-भजी खात बसले होते. गाडी हैदराबादला गेली आणि आली.

आणखी दहा वर्षांनी नवी गाडी घेशील तर तिच्यात कदाचित ड्युअल क्लच असेल. तिथंही हाच न्याय. २०१३ साली फोक्सवॅगननं जगभरातल्या १६ लाख गाड्या तेल बदलायला परत बोलावल्या. सात गिअरच्या ड्युअल क्लच बॉक्समध्ये सिंथेटिक तेल होतं. उष्ण, दमट हवेत आणि थांबत थांबत चालण्यात त्यामुळं विजेचा बिघाड व्हायचा आणि बॉक्सचा पुरवठा तुटायचा. उपाय काय केला, तर तेल काढून साधं मिनरल तेल घातलं. गिअरच्या दातांना काही झालं नव्हतं. आणि मारुतीनं २०१४ ला सेलेरिओत आणलेला एएमटी, तो तर आपला जुना हातानं टाकायचा गिअरबॉक्सच, फक्त पाय आणि हात यंत्राचे. त्याच्यात लाल तेल शोधत बसू नकोस.

आणि बॉक्स खरंच मेला असेल तर? काळा ठिपका, करपट वास, चेंबर उघडल्यावर चुंबकावर चिकटलेले तुकडे. करड्या रंगाची मऊ लापशी चुंबकावर असतेच, तिला घाबरू नकोस. नखानं उचलता येतील असे तुकडे किंवा पितळेची चमकी दिसली तर मान्य कर. मग दोनच रस्ते. जाणकाराकडून बॉक्स पूर्ण नवा करून घे, किंवा मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरा आण. भंगारातला घेशील तर त्याचं चेंबर उघडून, चुंबक बघूनच पैसे दे, आणि बॉक्सवरचा नंबर तुझ्या बॉक्सशी अक्षरन् अक्षर जुळव. माझा कौल पहिल्याला. महाग पडतो, पण कोण काय घालतंय ते डोळ्यांनी दिसतं. नवा बॉक्स बसवताना रेडिएटर आणि कूलरच्या नळ्या धुतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नकोस, जुन्याचा कचरा नव्याच्या पोटात जातो.

डिकीत ठेवायचं सामान सांगतो: टॉर्च, मीटर, फ्यूजचा डबा, योग्य तेल एक लिटर, केबलचा बुश एक, कोऱ्या वहीची चार पानं. आणि कुठं अडलास तर आधी मला फोन कर, दोर बांधू नकोस. नांदेडहून फ्लॅटबेड फाट्यावर यायला तास-दीड तास लागतो. दिवे, केबल, बॅटरी आणि तेलाचा थेंब एवढं सगळं बघून व्हायला अर्धा तास पुरतो.